उन्हाच्या गावातील हरितगृह

घराच्या परसात एक लहानसे हरितगृह उभारावे आणि बाराही महिने घरची ताजी भाजी खावी, ही कल्पना अलीकडे पुष्कळांच्या मनाने घेतली आहे. ज्यांच्या घरामागे चार हात मोकळी जागा आहे अशी आपल्या निर्मलमधील मंडळीही तिच्याविषयी चौकशी करू लागली आहेत. कल्पना स्तुत्य आहे यात शंका नाही. चैत्र लागला की आपल्या बाजारातील पालेभाजीची कळा जाते. कोथिंबिरीची जुडी महाग होते आणि घरी येईपर्यंत माना टाकते. वैशाखात तर कांदा, बटाटा व डाळ यांवरच पुष्कळ घरांचा निर्वाह चालतो. अशा दिवसांत परसात चार हिरवी पाने असावीत असे कोणास वाटणार नाही? तथापि जे हरितगृह आपण उभारू पाहतो ते कोणत्या देशात, कोणत्या गरजेपोटी जन्मास आले याचा विचार न करता त्याची नक्कल केली, तर पैसे जातील, रोपे जातील, आणि ‘बागकाम आपल्याला जमत नाही’ असा एक खोटा समज मुलांच्या मनात कायमचा घर करून बसेल. या शेवटच्या नुकसानीची मला अधिक धास्ती वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

हरितगृह हे थंडीचे अपत्य आहे. रोमचा बादशहा तिबेरिअस याला काकडी फार प्रिय होती आणि ती रोज पानात हवी असे. त्याचे माळी चाके लावलेल्या वाफ्यांत काकडी लावीत, ऊन असेल तिकडे ते वाफे ढकलीत आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली त्यांना ठेवीत, असे प्लिनी या ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. पुढे युरोपात काच स्वस्त झाली, लोखंडी सांगाडे घडविता येऊ लागले, आणि बर्फाच्या देशात ताडमाड वाढविण्याची हौस श्रीमंतांस लागली. लंडनजवळील क्यू येथील प्रसिद्ध ताडगृह १८४८ साली पुरे झाले. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी ज्याने काचेचा तो अजस्र महाल उभारला तो जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळी. काचगृहे बांधता बांधताच तो वास्तुशिल्पी झाला. त्याच धर्तीवर १८८९ साली बंगळुरूच्या लालबागेत काचघराचा पाया घातला गेला. ते पाहण्यासारखे आहे हे खरे. परंतु तेथे नित्य भाजी पिकत नाही, पुष्पप्रदर्शने भरतात.

आपल्या देशात हरितगृहाची खरी गरज कोठे असेल तर ती लडाखात. साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि महिनोन्‌महिने जमिनीतून हिरवे पान उगवत नाही. तेथील लोक उत्तर, पूर्व व पश्चिम या बाजूंना जाड मातीच्या भिंती घालतात, दक्षिणेकडे उतरते पॉलिथीन लावतात, आणि ऐन जानेवारीत त्या उबेत पालक काढतात. दिवसा भिंती तापतात, रात्री ती ऊब रोपांना परत देतात. गरजेतून निघालेली ही युक्ती किती साधी आणि किती चोख आहे! पण तीच खोली उचलून निर्मलच्या परसात आणून ठेवली तर काय होईल?

याचे उत्तर देण्यापूर्वी विज्ञानाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट थोडी तपासून पाहावी लागेल. काच ऊन आत येऊ देते, परंतु उष्णतेचे किरण बाहेर जाऊ देत नाही, म्हणून काचघर तापते, असे आपण पाठ करतो. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काचेचे झाकण बसविले व दुसरीवर सैंधवाच्या पातळ पाटीचे, कारण सैंधवातून उष्णतेचे किरण सहज निसटतात. दोन्ही पेट्या उन्हात जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे काचघर तापते ते मुख्यतः आत तापलेली हवा कोंडून राहते म्हणून. (पृथ्वीभोवतीच्या वातावरणाला आपण ‘हरितगृह परिणाम’ हा शब्द लावतो तेथे कर्बवायूचे कार्य निराळे आहे, त्या दोहोंची गल्लत करू नये.) ही गोष्ट आपल्याला परसात फार उपयोगी पडते. हवा कोंडली की घर तापणार, हवा वाहती ठेवली की तापणार नाही. लेहला कोंडणे हिताचे आहे; आपल्याकडे वाहती ठेवणे.

निर्मल १९ अक्षांशाच्या किंचित उत्तरेस आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, असे वर्षातून दोनदा, माध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. वैशाखात सावलीतला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बंद पॉलिथीनच्या खोलीत तो याहून आणखी दहा अंश तरी चढेल. टोमॅटोचे झाड दिवसाच्या ३५ अंशांपुढे आणि उष्म्याच्या रात्रींत फळच धरत नाही. फुलातील पराग निकामी होतो व फूल देठाशी गळते. कोथिंबीर उष्णतेने घाबरून पाने वाढविण्याऐवजी घाईघाईने तुऱ्यावर येते. अशा झाडांना आपण आणखी तापवावयाचे, आणि वर त्या खोलीस हरितगृह म्हणावयाचे, हा केवळ शब्दांचा विपर्यास होय. आपल्या गावच्या कारागिरांची लाकडी फळे-भाज्या देशभर नावाजलेली आहेत. पोनिकीच्या हलक्या लाकडाचा तो रंगविलेला टोमॅटो त्या खोलीत वैशाखभर लालबुंद राहील खरा.

यावर कोणी म्हणेल की पुणे जिल्ह्यात तळेगाव-मावळाकडे एवढी पॉलिहाऊसे उभी आहेत, तेथून गुलाब परदेशी जातात, ती सारी माणसे वेडी आहेत काय? मुळीच नाहीत. एक तर मावळ उंचावर आहे, तेथील हवा आपल्याहून पुष्कळ थंड. दुसरे असे की ती घरे ऊब देण्यासाठी नाहीतच. पाकळीवर पावसाचा थेंब व पानावर दव पडू नये, ऊन मोजून मिळावे, यासाठी ती आहेत. त्यांच्या छताच्या माथ्यावर गरम हवा निघून जाण्यास लांबच लांब फट ठेवलेली असते आणि बाजूचे पडदे गुंडाळून वर घेता येतात. ज्यांना तो धंदा म्हणून करावयाचा आहे त्यांनी अवश्य शिकून करावा. घरच्या दहा वाफ्यांसाठी तो खटाटोप मला अनाठायी वाटतो.

उन्हाच्या मुलखात कोवळी वनस्पती कशी सांभाळावी, हा प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वीच सोडविला आहे, आणि तोही काच न पाहता. विड्याच्या पानाची वेल मूळची मलायाकडील दमट अरण्यांतली. विदर्भाच्या वैशाखात उघड्यावर ती चार दिवसही तगणार नाही. असे असता रामटेकची पाने पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. हे कसे साधले? कोठे शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशी झपाट्याने वाढणारी झाडे दाट ओळींनी लावून वेल त्यांवर चढवितात. कोठे बांबू व गवत यांच्या तट्ट्यांचे छत आणि कूड करतात. भोवती वाऱ्याला आडोसा, आत पाण्याचा पाट, आणि वर चाळणीतून गाळल्यासारखे ऊन. उन्हाळ्यात पाला दाट राहू द्यावयाचा, पावसाळी अंधार वाढला की फांद्या छाटावयाच्या. पानमळ्यात भर दुपारी शिरणारास जो गारवा लागतो तो त्या पानांतून उडून जाणाऱ्या पाण्याचा असतो. मला विचाराल तर हेच आपले खरे हरितगृह. त्याचे नाव इंग्रजी नसल्यामुळे आपण त्याच्याकडे पाहिले नाही, इतकेच.

तेव्हा परसात करावयाचे ते सावलीघर. दहा फूट लांब व सहा फूट रुंद एवढी जागा एका कुटुंबास प्रारंभी पुरे आहे. आपला मुलूख साग आणि बांबू यांचा. सांगाड्यास बांबूच उत्तम. जमिनीत गाडावयाची टोके डांबर फासून किंवा विस्तवावर वरवर होरपळून घ्यावीत, नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत ती फस्त करील. उंची मधोमध नऊ फूट तरी हवी. पुष्कळ लोक डोक्याला लागणार नाही एवढीच उंची ठेवतात, ते चूक आहे. गरम हवा वर चढते आणि तिला रोपांपासून दूर जाण्यास जागा लागते. वर पन्नास टक्के ऊन अडविणारी जाळी घालावी. बाजारात हिरवी जाळी सर्वत्र दिसते, ती डोळ्यांस सुखावते म्हणून खपते. पांढरी मिळाल्यास ती घ्यावी, कारण ती ऊन परतवून लावते. काळी जाळी स्वतःच तापते. जाळी खिळ्यांनी ठोकून टाकू नये. तारेवर कड्या ओवून पडद्यासारखी सरकती ठेवावी. या एका गोष्टीवर माझा फार भर आहे, व त्याचे कारण पुढे येईलच.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. त्यामुळे सर्वांत जाचक ऊन वरून येते त्यापेक्षाही दुपारी तीन ते सहापर्यंत पश्चिम व वायव्य दिशांनी आडवे येते. त्या बाजूंना जाळी नको; तेथे वेल चढवावा. दुधी, घोसाळे, मायाळू यांपैकी काहीही चालेल. जाळी केवळ ऊन अडविते, वेलाचे पान ऊन अडविते व शिवाय पाणी उडवून हवा निववते, आणि भाजीही देते. दक्षिण व पूर्व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. गुरांना व माकडांना अटकाव म्हणून हवे तर खाली कुंपण असावे. सर्व बाजूंनी बारीक जाळी लावून घर बंद केले की मधमाश्या आत येत नाहीत, आणि मग भोपळ्याला फुले येतात, फळ धरत नाही. उलट पांढरी माशी व कोळी कसेही करून आत शिरतात आणि त्यांना खाणारे किडे मात्र बाहेर राहतात. ज्यांनी घर बंदच करण्याचा हट्ट धरला आहे त्यांनी नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलास स्वतः लावावा: तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुधीचे सायंकाळी.

आता जाळी सरकती का हवी ते सांगतो. आपला उन्हाळा, पावसाळा व हिवाळा ही तीन निरनिराळी राज्ये आहेत, आणि एकच छप्पर तिन्ही राज्यांत चालत नाही. मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत जाळी पसरलेली असावी. या काळात हवा कोरडी असते, म्हणून पाण्याने गारवा करता येतो. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे पाचशेऐंशी किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेते. वाळ्याच्या पडद्याचे शास्त्र हेच. पश्चिमेकडे एक गोणपाट टांगून दुपारी दोनदा भिजविला तरी फरक कळतो. पावसाळ्यात मात्र ही युक्ती निरुपयोगी. हवाच ओली असते, तेव्हा पाणी उडत नाही. त्या दिवसांत संकट निराळे येते. आपल्याकडे वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, धारांनी. कोवळी रोपे त्याखाली झोडपली जातात, मुळे कुजतात. म्हणून रोपवाटिकेच्या वाफ्यावर तेवढे उतरते पॉलिथीन घालावे, बाजू उघड्या ठेवाव्यात, आणि वाफे वीतभर उंच करावेत. जाळी एव्हाना गुंडाळलेली असावी, कारण ढगाळ दिवसांत ऊन मुळातच कमी मिळते.

हिवाळ्यात तर काहीच घालू नये. कार्तिकापासून माघापर्यंत आपल्या मुलखातली हवा भाजीपाल्यास इतकी अनुकूल असते की युरोपातला माळी तिच्यासाठी लाखो रुपयांचे काचघर बांधील. कोबी, मुळा, गाजर, मेथी, पालक, वाटाणा, टोमॅटो सारे उघड्यावर उत्तम येते. आदिलाबादकडील थंडी तेलंगणात सर्वांत कडक; एखाद्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली गेला तर मिरची व वांग्याच्या रोपांवर जुने धोतर पसरावे आणि सकाळी काढावे. ज्या माणसाने घर पक्के बांधून जाळी कायमची ठोकली त्याच्या मेथीला याच सुवर्णकाळात सावलीत बसून लांबट व फिकट व्हावे लागते.

‘बारमाही’ या शब्दाविषयी माझे मत थोडे कडक आहे. बारमाही बाग म्हणजे वैशाखात फ्लॉवर आणि श्रावणात गाजर नव्हे. तसा आग्रह निसर्गाशी भांडण विकत घेतो आणि घरच्या पाण्याची व पैशाची राख करतो. बाराही महिने काही ना काही हिरवे, एवढाच त्याचा अर्थ आपण घ्यावा. उन्हाळ्याला त्याची स्वतःची भाजी आहे: चवळी, गवार, भेंडी, तांदुळजा, घोळ, आंबाडी, मायाळू, ओलसर कोपऱ्यात अळू व पुदिना, कुंपणाला शेवगा आणि कढीलिंब. जाळीखाली व रोजच्या पाण्यावर थोडी कोथिंबीरही येते, जुडीभर नव्हे पण फोडणीपुरती. आंबाडीला आपल्या तेलुगू शेजारणी गोंगूरा म्हणतात, मायाळूला बच्चलि. या पाल्यांचे जितके प्रकार त्यांच्या स्वयंपाकघरात होतात तितके आपल्याकडे होत नाहीत. कुंपणावरून बी जाते तसा पदार्थही यावा.

पाण्याविषयी थोडे. उन्हाळ्यात ज्या घरी प्यावयाच्या पाण्याचीच ओढाताण आहे तेथे बागेचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी रोज वाया जाते. ते साबणविरहित असते, अळू आणि मायाळू त्यावर आनंदाने वाढतात. कुंभाराकडचे न रंगविलेले, साधे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून भरून ठेवले की त्याच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते व भोवतालच्या चार रोपांच्या मुळांशीच पोचते. वर माती कोरडी राहते म्हणून तण माजत नाही. तोंडावर झाकण हवेच, कारण दिवसा चावणारा व डेंग्यू पसरविणारा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा तरी कोरड्या कराव्यात. वाफ्यांवर पाचोळा चार बोटे जाड अंथरावा. परसातला पाचोळा जाळून टाकणारी आणि मग बागेस पाणी पुरत नाही म्हणणारी माणसे एकाच घरात राहतात, ही मौजेची गोष्ट आहे.

आता जरा अप्रिय बोलतो. अशा हौशी बहुधा वडील व मुलगे यांना होतात, आणि पंधरा दिवसांनी झारी आईच्या किंवा आजीच्या हाती जाते. सकाळचा डबा, धुणे, पाणी भरणे, आणि त्यावर आता हे. ज्याने बी मागितले त्यानेच पाणी घालावे, असा घरचा नियम पहिल्या दिवशीच होत नसेल तर सावलीघर उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलामुलींनी त्याबरोबर एक वही ठेवावी. गणिताचे शिक्षक असलेले श्री. अ. दाभोळकर यांनी महाराष्ट्रात ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच पायावर, की प्रयोग करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शेतकरी आणि गृहिणीही मोजू शकतात, टिपू शकतात, एकमेकांस सांगू शकतात. दोन तापमापके घ्यावीत. एक जाळीखाली, एक वेलाच्या मांडवाखाली, दोहोंवर थेट ऊन पडणार नाही अशी टांगावीत. दुपारी दोन वाजता आकडे लिहावेत. वेलाखालचा आकडा कमी येतो की जाळीखालचा, यावर माझे म्हणणे मान्य करण्याची गरज उरणार नाही, वहीच सांगेल. वर काचेचे झाकण असलेली एक छोटी पेटी मध्ये उन्हात ठेवली तर वुडसाहेबाचा अर्धा प्रयोगही होऊन जाईल.

शाळांच्या बागांविषयी एक सूचना करून थांबतो. शाळेची बाग जूनमध्ये लावली जाते, श्रावणात फोटो काढण्याजोगी होते, हिवाळ्यात तिची भाजी निघते, आणि एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात सुट्टी लागली की ती वाळून जाते. दरवर्षी असेच चालते आणि दरवर्षी मुले जूनमध्ये येऊन पुन्हा ओसाड माती उकरतात. त्यांना यातून वनस्पतिशास्त्राचा कोणता पाठ मिळत असेल, याची कल्पना करवत नाही. बारमाही बागेची खरी परीक्षा त्या सात आठवड्यांचीच आहे. आपल्या शाळेत विहिरीच्या किंवा नळाच्या जवळ, दहा फूट बाय सहा फूट एवढाच एक मांडव करावा. शाळेजवळ राहणाऱ्या चार चार विद्यार्थ्यांच्या सात तुकड्या कराव्यात, आणि प्रत्येक तुकडीने सुट्टीचा एक आठवडा सांभाळावा, सकाळी सातच्या आत. निघालेली आंबाडी व तांदुळजा त्या आठवड्याच्या मुलांनी घरी न्यावा. खर्च बांबूंचा, जाळीचा आणि चार मडक्यांचा. दुधीचे बी मात्र फेब्रुवारी सरण्यापूर्वी पश्चिमेच्या बाजूस टोचले पाहिजे, म्हणजे शाळा बंद होईपर्यंत वेल मांडवावर चढलेला असेल. तेव्हा ज्या शिक्षकांना व पालकांना ही गोष्ट पटेल त्यांनी संक्रांतीच्या आसपास एकत्र बसून तुकड्यांची यादी करावी.